आत्यानं उलटून केलेला फोन

“चुका काढायचे पैसे देतेत?”

मला पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा पेडगावच्या आत्यानं हा प्रश्न विचारला होता. मी हो म्हटलं. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, “आमच्या सासूनं तर जल्मभर फुकटच काढल्या, बाई. तिला कुनी पगार दिला न्हाई.”

घरातले सगळे हसले. मीही हसले, पण आतून चिडले होते, कारण माझ्या कामाची याहून नेमकी व्याख्या मला तेव्हा येत नव्हती. केस पांढरे झाले तरी ती फारशी सुधारता आलेली नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांनी बनवलेली ॲप, वेबसाइट, यंत्रांच्या पोटातले प्रोग्रॅम वापरून बघायचे, होईल तितके बिघडवायचे आणि कुठं कसं बिघडलं ते बनवणाऱ्याला सांगायचं, एवढंच काम मी आयुष्यभर केलं.

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या पूर्णेत नोकरी म्हणजे रेल्वे. वडील रेल्वेत, शेजारी रेल्वेत, गल्लीतल्या लग्नपत्रिकांवर निम्मे नवरदेव रेल्वेत. माझं काम लोकांना सांगताना वडिलांची मोठी पंचाईत व्हायची. “कॉम्प्युटरमधी हाय,” एवढं म्हणून ते विषय बदलायचे. एका स्थळानं मात्र खोलात जाऊन चौकशी केली. मुलगी काही बनवत नाही, नुसतं तपासते, हे कळल्यावर मुलाच्या आई म्हणाल्या, “म्हंजे घरात आली का आमच्याबी चुका काढील.” ते स्थळ तिथंच मोडलं. त्या बाईंची पारख मात्र पक्की होती. आमच्या धंद्यात असत्या तर त्यांनी नाव काढलं असतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, ज्यानं बनवलं त्यालाच त्यातल्या चुका दिसत असतील, मग वेगळं माणूस कशाला? पण स्वयंपाक करणाऱ्या बाईला स्वतःच्या कालवणातलं मीठ कळत नाही, म्हणून ती दुसऱ्याच्या तळहातावर थेंब टाकून विचारते, तसंच हे आहे. प्रोग्रॅम लिहिणारा सरळ वाटेनं चालतो, कारण वाट त्यानंच बांधलेली असते. मी मुद्दाम वाट सोडून चालते. नाव लिहायच्या जागी काहीच लिहीत नाही, एक बटण दोनदा दाबते, अर्ध्यावर फोन बंद करते. चूक सापडली की ती दुरुस्त होते, आणि मग आधीचं सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासावं लागतं. पिकाला पाणी देणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पाटाचं तोंड एका जागी बुजवलं की पाणी दुसरीकडं फुटतं, हे त्याला ठाऊक असतं.

पुण्याच्या ऑफिसात मला सुरुवातीला “जगात जर्मनी, भारतात परभणी” म्हणून चिडवायचे. मी म्हणायचे, खरंच आहे ते, उगं चिडवल्यासारखं कशाला बोलता? आणि परभणी माझ्या कामाला फार आली. एकदा माती परीक्षणाचं ॲप आलं होतं. दिसायला देखणं, पांढऱ्या पडद्यावर फिकट करडी अक्षरं. एसीच्या गारव्यात बसून सगळ्यांनी वाहवा केली. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत तो फोन परभणीला आणला आणि भर दुपारी गच्चीवर गेले. पडद्यावर अक्षर म्हणून दिसेना, माझंच तोंड दिसायला लागलं. त्याच उन्हात फोटो काढून पाठवला आणि खाली लिहिलं, “शेतकऱ्याला मातीचा अहवाल न दिसता स्वतःचं तोंड दिसतं. अपेक्षित आहे का?” पुढं आमच्याकडं प्रत्येक ॲपची उन्हातली तपासणी सुरू झाली आणि तिला कंपनीत ‘परभणी टेस्ट’ हेच नाव पडलं. चिडवणाऱ्यांनीच ते ठेवलं होतं.

मंगल कार्यालयांचं बुकिंग करणाऱ्या ॲपची गोष्ट तर अजून लग्नांत निघते. एकच तारीख दोघांनी अगदी एकाच क्षणी घेतली तर ती दोघांनाही मिळते, हे मी दाखवून दिलं होतं. बनवणारे म्हणाले, “एकाच क्षणी कोण कशाला घेईल?” त्यांनी लग्नसराई पाहिलीच नव्हती. मोजक्या तिथी असतात आणि वधूपिते बुकिंग सुरू व्हायची वाट बघत बोट पडद्यावर टेकवूनच बसलेले असतात. व्हायचं तेच झालं. एका कार्यालयाच्या दारात दोन वराती, दोन बँड आणि दोन नवरदेव घोड्यावरून एकमेकांकडं बघायलेत. शेवटी म्हातारी माणसं मध्ये पडली. एकाला सकाळचा मुहूर्त, दुसऱ्याला संध्याकाळचा, आणि जेवणावळ एकच. दोन्हीकडचे वऱ्हाडी म्हणाले, लय मजा आली. कार्यालयाच्या मालकाला आली नाही. त्यानंतर मात्र माझं म्हणणं बैठकीत जरा कान देऊन ऐकायला लागले.

पण ज्या कामासाठी मी आजही ताठ मानेनं चालते ते विहिरीवरच्या मोटारीचं.

आमच्याकडं शेतीची लाइट कधी दिवसाची, कधी रात्रीची, आणि त्यातही मध्येच जाते, मध्येच येते. आली की माणसानं विहिरीवर पळायचं आणि मोटारीचं बटण दाबायचं. ही पळापळ वाचवायला एका कारखानदारानं मोबाइलवर चालणारी स्टार्टरची पेटी काढली आणि तिच्या आतला प्रोग्रॅम आमच्या कंपनीकडं आला. पेटीत सिमकार्ड होतं. लाइट आली की पेटी मालकाला मिसकॉल द्यायची. मालकानं पेटीला फोन लावला की मोटार सुरू, परत लावला की बंद. मालक म्हणून दोन नंबर पेटीत भरता यायचे, मिसकॉल दोन्हींवर जायचा. तिसऱ्या कुणाचा फोन आला तर पेटी ढिम्म. स्मार्टफोन नको, इंटरनेट नको, फोनला पैसेही पडत नाहीत. कल्पना अस्सल होती, मला मनापासून आवडली.

प्रोग्रॅम निखिल नावाच्या पोरानं लिहिला होता. हुशार, नीटनेटका, कोथरूडचा. कंपनीत सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, पण तो मला ताई म्हणायचा. मी त्याच्या पेटीला फार छळलं. विजेचा दाब कमी-जास्त केला, एक फेज काढून घेतला, रेंज घालवली, अनोळखी नंबरांवरून फोनांचा मारा केला. पेटी गुणी निघाली, कुठंच चुकली नाही. रब्बीच्या आधी माल बाजारात आणायचा म्हणून कारखानदार घायकुतीला आला होता आणि आमचे मोठे साहेब, सबनीस, माझ्या सहीची वाट बघत होते. बनवणाऱ्याच्या सहीखाली टेस्टरची सही झाल्याशिवाय माल बाहेर जायचा नाही, असा आमच्याकडं नियम होता. मी म्हटलं, एकदा खऱ्या विहिरीवर लावून बघते. साहेब म्हणाले, “सुट्टीला गावी चालली आहेसच, तर जा घेऊन.” ती पेटी मी परभणीपर्यंत मांडीवर घेऊन गेले. शेजारच्या बाईला वाटलं मिठाई आहे.

पेडगावला आत्याच्या शेतात विहीर आहे आणि विहिरीपासून हाकेच्या अंतरावर आखाडा, म्हणजे शेतातलं घर. आत्या आणि तिचा एकुलता एक मुलगा मिलिंद तिथंच राहतात. मिलिंद माझ्यापेक्षा लहान. जयभीम झाला, चहा झाला, आणि त्यानं वायरमनला बोलावून पेटी बसवून घेतली. एक नंबर त्यानं आपला भरला आणि दुसरा आत्याच्या बटणांच्या फोनचा. पेटीबरोबरचं माहितीपत्रक त्यानं भिंतीवरच्या फोटोच्या मागं जपून ठेवलं. मग आल्यागेल्याला बाजेवर बसल्या बसल्या मोटार लावून दाखवायचा त्याला नादच लागला.

आमच्याकडं एक पद्धत आहे. विहिरीत मोटारीच्या कामाला उतरायचं असेल तर आधी फ्यूज काढायचे आणि स्वतःच्या खिशात घालून मगच उतरायचं. वर कुणी काहीही करो, फ्यूज खिशात म्हणजे जीव खिशात. त्या दिवशी दुपारी लाइट गेलेली होती आणि मोटार पाणी गळायला लागली होती. तिच्या फिरत्या दांड्याभोवती जी दोरी भरतात ती बदलायची होती. मिलिंद उतरायला लागला तेव्हा मी म्हटलं, “फ्यूज?”

“आता कामून काढायचे? फोनबिगर मोटार लागतच न्हाई. अन् फोन तर माझ्याच खिशात हाय,” तो म्हणाला आणि उतरला. विहिरीतल्या ओट्यावर मोटार होती. तो तिच्यावर वाकून काम करत होता, मी वर पेटीजवळ उभी राहून त्याच्याशी गप्पा मारत होते. त्याची दस्ती, खांद्यावरचा मोठा रुमाल, त्यानं तेलाचे हात पुसून मोटारीच्या दांड्यावर टाकली होती. त्यानं लहान पाना मागितला. मी तो दोरीला बांधून खाली सोडत होते.

पेटीवरचा हिरवा दिवा लागला. मिलिंदच्या खिशात फोन एकदा वाजून थांबला. “लाइट आली वाटतं. येऊ दे,” तो म्हणाला आणि पाना धरायला त्यानं हात वर केला.

आणि मोटार सुरू झाली.

दांड्यावरची दस्ती एका झटक्यात गुंडाळली गेली. मी लाल बटणावर हात मारला. मोटार थांबली तेव्हा मिलिंद भिंतीला पाठ लावून बसला होता आणि आपला उजवा हात डाव्या हातानं धरून त्याच्याकडं बघत होता. हाताला काही झालेलं नव्हतं. पाना पाण्यात गेला होता. हात वर केला नसता तर दस्तीबरोबर काय गेलं असतं ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

तेवढ्यात आखाड्यावरून आत्याची हाक आली. “मिलिंद! तू मिसकॉल दिलास का रं? म्या उलटून केला तर उचलला न्हाईस!”

मिलिंदनं खालून माझ्याकडं बघितलं आणि नकारार्थी मान हलवली. “आईला सांगू नको,” तो हळूच म्हणाला. “जल्मभर मनाला लावून घेईल.”

संध्याकाळी मी आत्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, मिसकॉल आला की तू नेहमी उलटून फोन करतेस का? ती माझ्याकडं बघतच राहिली. “मंग? कुनाचं तरी काम असंल म्हनूनच देतेत की. बॅलन्स नसतो गरिबाला. न्हाई उलटून केला तर मानूसकी कशाची? अन् पोरगं दिसभर रानात हाय, त्याचाच असला मंग?” मी भाकरी खात बसले. आम्ही पुण्यात बसून त्या पेटीला हजारो फोन केले होते, पण पेटीनं दिलेला मिसकॉल उलटून करायचं आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, कारण अनोळखी मिसकॉलला उत्तर देणारं माणूसच आमच्या ऑफिसात नव्हतं. पेटीनं मिसकॉल देऊन माणसाला बोलवायचं आणि त्यानं रीतीप्रमाणं ओ दिली की तोच मोटारीचा हुकूम समजायचा. आईनं काळजीनं दाबलेलं बटण पोराच्या हातावर मोटार सुरू करतं, अशी वस्तू आम्ही बनवली होती.

पुण्याला परत गेल्यावर बैठक बसली. मी झालं ते सगळं सांगितलं. निखिलचा चेहरा उतरला, पण त्यानं आपली बाजू मांडली. “ताई, माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय, लाइट आल्याच्या मिसकॉलला उलट फोन करू नका. आपण सांगितलंय तसंच यंत्र चालतंय. ही वापरणाऱ्याची चूक आहे.”

“खेड्यातल्या बाई आहेत,” सबनीस साहेब म्हणाले. “सवय होईल त्यांना. सुजाता, तारीख ठरलेली आहे.”

माझा स्वभाव मुळात तापट आहे आणि त्या दिवशी तर तो कुणी आवरू शकलं नसतं. पण आरडाओरडा केला तर बाई चिडली एवढंच लोकांच्या लक्षात राहतं, हे मी वीसएक वर्षांच्या नोकरीत शिकले होते. मी एक पेटी टेबलावर ठेवली. मोटारीच्या जागी बल्ब जोडला. म्हटलं, “इथं बसलेल्या प्रत्येकानं आपल्या आईचा नंबर द्यायचा.” सगळ्यांना गंमत वाटली, दिले.

आधी निखिलच्या आईचा नंबर भरला. पेटीची वीज घालवली, परत आणली. पेटीनं कोथरूडला मिसकॉल दिला. आम्ही बल्बकडं बघत बसलो. बघता बघता तो लागला. मग साहेबांच्या आईचा नंबर. त्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचा बल्ब तर आणखी लवकर लागला. तिसऱ्याच्या आईचा काही लागेना. तो खूश होऊन म्हणाला, “माझी आई शहाणी आहे!” सगळे हसायला लागले आणि हसण्यातच बल्ब लागला. चष्मा शोधायला वेळ गेला, असं त्या नंतर म्हणाल्या.

तेवढ्यात निखिलचा फोन वाजला. त्यानं सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. “अरे, मघाशी कुठल्या तरी नंबरवरून मिसकॉल आला होता,” त्याची आई म्हणाली. “मी उलट केला तर कट झाला. म्हटलं, तुझंच काही असेल. तू बरा आहेस ना?”

निखिलनं मी बरा आहे म्हणून फोन ठेवला. मी म्हटलं, “या बल्बच्या जागी मोटार आहे आणि मोटारीवर तिच्या मुलाचा हात आहे. आता सांगा, चूक कुणाची?”

निखिलनं लॅपटॉप मिटला. “माझी सही मीच काढून घेतो, ताई,” तो म्हणाला. साहेब उठून खिडकीशी गेले. तिथूनच त्यांनी विचारलं की वरून परवानगी काढून माल पाठवला तर माझं काय म्हणणं आहे. मी म्हटलं, “खुशाल काढा. माझी सही मिळणार नाही. आणि कुणाचा हात गेला तर मी आज काय सांगितलं होतं ते त्याच्या घरी जाऊन सांगीन.” एवढं ताठ मी आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते आणि त्याबद्दल मला आजही तिळमात्र खंत नाही.

माल थांबला. कारखानदारानं मला थेट फोन करून ऐकवलं, “मॅडम, तुमच्या एका आत्यापायी माझा सीझन गेला.” मी म्हटलं, “साहेब, तुमची सगळी गिऱ्हाइकं म्हणजे आत्याच आहेत.” त्या वर्षीच्या माझ्या मूल्यमापनात ‘सहकार्याची वृत्ती कमी’ असा शेरा पडला आणि बढती एका नम्र माणसाला मिळाली. लोक पदकं मिरवतात, मी तो शेरा मिरवते.

निखिलनं पेटीचं बोलणंच बदलून टाकलं. मिसकॉल बंद. लाइट आली की पेटी सरळ फोन करायची आणि तुम्ही फोन लावला तरी आधी तीच बोलायची: “लाइट आली आहे. मोटार बंद आहे. विहिरीत कुणी नाही हे हाक मारून बघा. मगच एक दाबा.” ‘हाक मारून’ हे शब्द मी हट्टानं घालायला लावले. ‘खात्री करा’ म्हटलं की माणूस मनातल्या मनात खात्री करून मोकळा होतो. आवाजही माझाच घेतला, कारण ऑफिसात दुसऱ्या कुणाला हे दरडावून म्हणता येईना. फ्यूजसारखी काढून खिशात घालता येईल अशी एक किल्ली पेटीला असावी, असंही मी सुचवलं होतं. ते काही झालं नाही, त्याची हळहळ मात्र आहे.

आता मी परभणीत राहते, घरूनच थोडं काम करते आणि आसपासच्या पोरींना टेस्टिंग शिकवते. तपासण्या लिहून देणारी यंत्रं आली आहेत आणि ती झरझर लिहितात. पोरी विचारतात, मग आपण काय करायचं? मी सांगते, आधी आपापल्या आईचा फोन हातात घ्या आणि ती तो कसा वापरते ते दिवसभर गप बसून बघा.

मध्यंतरी पेडगावला गेले होते. दुपारी आत्या आणि मी आखाड्यावर शेंगा फोडत बसलो होतो. आत्याचा फोन वाजला. तिनं उचलला, कानाला लावला आणि शेंगा टाकून उठली. “तूच बोलायलीस बग,” मला म्हणाली. फोन तसाच हातात धरून ती बांधावरून विहिरीकडं निघाली. मीही मागं गेले. विहिरीच्या काठाशी थांबून तिनं हाक मारली, “मिलिंद! हायस का रं आत?”

“हाय! हाय मी आत! दम धर जरा!” विहिरीतून आवाज घुमत आला.

आत्या काठावर बसली. मिलिंद वर येईपर्यंत ती तिथून हलली नाही. तो आला, खिशातले फ्यूज काढून जागेवर बसवले, हात झटकले आणि म्हणाला, “हं, लाव आता.”

आत्यानं फोन त्याच्यापुढं धरला. “तूच दाब. म्या न्हाई दाबीत.” मग माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, “त्या दिशी माझ्याच बोटानं लागली व्हती ना मोटार? ती दस्ती मला घावली व्हती, पार पिळा पडलेली.”

मिलिंद माझ्याकडं बघायला लागला. आम्ही दोघांनीही तिला कधीच सांगितलं नव्हतं. एवढे दिवस ती हे एकटीनं मनात घेऊन बसली होती आणि आम्हाला वाटत होतं की आम्ही तिला जपतोय. मला रडू आवरेना. पण उत्तर मला ठाऊक होतं. आयुष्यात इतक्या खात्रीनं मी कुठलाच निकाल दिला नव्हता.

“न्हाई आत्या,” मी म्हटलं. “मोटार आमच्या पेटीनं लावली. चूक तिची व्हती. तू नुसती पोराची चौकशी केलीस.”

आत्या बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिली, मी खोटं बोलतेय का ते तपासत. मग तिनं परत पेटीला फोन लावला, माझं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, समोर उभ्या असलेल्या मिलिंदकडं एकदा नीट बघितलं, आणि एक दाबलं.